हात कोरडे झाल्यानंतर

माझ्या हातांना घाम यायचा. हे वाक्य मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यातले बहुतेक जण म्हणाले, "अगं, मलाही येतो." म्हणून जरा नीट सांगते.

उन्हाळ्यात सगळ्यांना येतो तसा नाही. ऐन थंडीत, काही करत नसताना, तळव्यांवर आधी बारीक दाणे उभे राहायचे. मग ते एकमेकांत मिसळायचे आणि मनगटापर्यंत ओघळ यायचा. हात कायम गार. शाळेत लिहिताना मी हाताखाली रुमाल घ्यायचे. रुमाल ओला झाला की दुसरा. परीक्षेच्या दिवशी आई दप्तरात रुमालांची चळत ठेवायची. भिवंडीजवळ काल्हेरच्या आमच्या घरात याला कुणी आजार म्हणत नव्हतं. एखाद्या मुलीचे केस कुरळे असतात तसं माझं हे. "हिचं हात पानेरी हायेत," एवढंच आई सांगायची आणि रस्ता ओलांडताना माझा हात धरायच्या आधी पदराने पुसून घ्यायची.

मोठी होऊन मी गणिताची शिक्षिका झाले. भिवंडीतल्याच एका मराठी शाळेत लागले. गणिताच्या बाईला खडूवाचून गत नाही आणि माझ्या हातात खडू भिजून मऊ पडायचा, फळ्यावर उमटायचाच नाही. मग मी खडूला कागद गुंडाळायला लागले. वर्गातल्या मुलींना ती माझी स्टाइल वाटली. फळ्यावर गणित सोडवायला आल्या की त्याही खडूला कागद गुंडाळायच्या. मला त्याचं हसू यायचं आणि कसंतरीही व्हायचं.

तोवर निभत होतं. मग शाळेत हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन आलं. ते माझा अंगठा घेईना. सकाळी सगळे शिक्षक रांगेत उभे, आणि मी अंगठा साडीला पुसून ठेवते, ते टूं करून नाही म्हणतं, परत पुसते, परत नाही. मागून कुणी काही बोलायचं नाही, पण चपला वाजायच्या. शिपाई चांगला माणूस होता. एकदा हळूच म्हणाला, "मॅडम, पंख्याखाली हात सुकवून या, तोवर बाकीच्यांचं होऊ दे." त्या दिवसापासून मी रोज सगळ्यांच्या शेवटी जायला लागले. शाळेत वेळेआधी पोचायचे आणि मशीनमध्ये उशिरा यायचे.

त्याच सुमाराला घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं. बघायला आलेल्या एका बाईंनी प्रेमाने माझा हात हातात घेतला आणि लगेच सोडला. मग बोलता बोलता स्वतःचा हात गुडघ्याजवळ साडीला पुसला. त्यांच्याकडून नंतर काही निरोप आला नाही. कारण दुसरंही असू शकेल. पण मला तो गुडघ्याजवळ फिरणारा हात दिसत राहिला.

ऑपरेशनचं माझ्या मोठ्या भावाने कुठूनतरी ऐकून आणलं. आमच्या भाताच्या जमिनीवर आता गोडाऊन उभी आहेत, त्यांचं तो बघतो. त्याची ओळख मोठी. तो म्हणाला, "ठाण्यात एक सर्जन करतात. दोन दिवसांत घरी. कायमचं जातं."

सर्जन साठीच्या आसपासचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी माझे हात बघितले, पुसले, परत ओले होताना बघितले आणि कागदावर छातीचं चित्र काढलं. "काखेत दोन बारीक छेद घ्यायचे. त्या बाजूचं फुप्फुस थोडा वेळ खाली बसवायचं, म्हणजे आत जागा होते. फासळ्यांच्या मुळाशी ही नस जाते, हाताला घाम आण म्हणून सांगणारी. ती जाळून बंद करायची. मग दुसरी बाजू."

आई माझ्याबरोबर होती. तिने विचारलं, "मग तो घाम जानार कुटं?"

"दुसरीकडे येतो थोडाफार," डॉक्टर म्हणाले. "पाठीला, पोटाला. काहींच्या लक्षातसुद्धा येत नाही, काहींना त्रास होतो. तुम्हाला किती होईल ते आधी सांगता येत नाही. आणि एकदा केलं की ते परत पहिल्यासारखं करता येत नाही."

हे सगळं त्यांनी सांगितलं होतं. मी ते ऐकलंही होतं. पण आठवायला गेलं की त्यातला 'थोडाफार' एवढाच शब्द मला स्पष्ट ऐकू येतो. त्यांनी बाकीचं हळू आवाजात सांगितलं की मी ते हळू ऐकलं, हे मला अजून उमगलेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा छातीत कुणीतरी चिमटा लावून ठेवलाय असं दुखत होतं, पूर्ण श्वास घेता येत नव्हता. पण हात गरम होते. माझे हात गरम असू शकतात हे मला माहीत नव्हतं. मी चादरीवरून बोटं फिरवली आणि चादरीची वीण बोटांना लागली. आडवे उभे धागे वेगळे कळले. यंत्रमागांच्या भिवंडीत जन्म काढून मला कापड हाताला कसं लागतं ते तेव्हा कळलं. मी रडायला लागले, तर नर्सला वाटलं दुखतंय. ती म्हणाली, "इंजेक्शन देऊ का?" मी नको म्हटलं. काय झालंय ते तिला सांगता येईना.

पुढचे तीनेक महिने मी फार आनंदात होते. मशीनने पहिल्या फटक्यात अंगठा घेतला, तेव्हा शिपायाने मान डोलावली. खडू उघडा धरायला लागले. मुलींनीही हळूहळू कागद गुंडाळायचं सोडलं. भेटेल त्याच्याशी मी हात मिळवायचे, गरज नसताना मिळवायचे. अडचण एकच, हात जरा जास्तच कोरडे झाले होते. उत्तरपत्रिकांची पानं उलटेनात, भाजीवाल्याची प्लॅस्टिकची पिशवी उघडेना. शेवटी मी टेबलावर डबीत ओला स्पंज ठेवला. जिच्या हातातून पाणी गळायचं ती आता बोटं ओली करायला स्पंज घेऊन बसते, यावर स्टाफरूममध्ये हशा पिकला. मीही हसले.

मग होळी झाली, आणि एका दुपारी नववीच्या वर्गात मी फळ्यावर समीकरण लिहीत असताना पाठीवरून काहीतरी सरकत खाली गेलं. मला वाटलं झुरळ. मी दचकून पाठ झटकली. काही नव्हतं. परत लिहायला वळले तर परत तेच, मानेच्या खालून कमरेपर्यंत सरळ रेघेत. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. तिच्या घरी हिंदी बोलायचे, वडील लूमवर होते. ती दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, आपके पीछे पानी गिरा है."

मी खुर्ची बघितली. कोरडी होती. भिंत बघितली. वर छताकडे बघितलं. पाणी कुठून पडलं असेल याचा मी अख्खा तास विचार करत होते. स्टाफरूमच्या आरशात पाठ वळवून बघितली तर खांद्याच्या पात्यांपासून खाली ब्लाउज सगळा ओला आणि साडी कमरेपर्यंत अंगाला चिकटलेली. चेहऱ्यावर मात्र एक थेंब नाही. तोंड लाल झालेलं आणि तापलेलं, पण ठणठणीत कोरडं.

त्यानंतर ते रोजचंच झालं. छातीच्या मध्यावर जणू कुणी आडवी रेघ ओढली होती. तिच्या वर सगळं कोरडं आणि गरम, तिच्या खाली पाणी. पोटावरून, गुडघ्यांच्या मागून, मांड्यांवरून. काही खास करायलाही लागायचं नाही. जिना चढले, कुणी अचानक हाक मारली, वर्गात साहेब तपासणीला आले, की सुरू. पूर्वी घाबरले की हातांना यायचा, आता तोच पाठीला. हात लपवायची मला वर्षानुवर्षांची सवय होती. मागे घ्यायचे, रुमालात ठेवायचे, पर्स धरायची. पण गणिताच्या बाईने पाठ कुठे लपवायची? फळ्याकडे वळलं की पाठ वर्गाकडे होते. मी तिरकं उभं राहून लिहायला शिकले. अक्षर वाकडं यायचं. गडद रंगाच्या, मोठ्या फुलांच्या साड्या घ्यायला लागले. पदर पाठीवरून पुढे ओढून घ्यायची सवय लागली. सहकारी बायका म्हणायच्या, "तुम्हाला कसं काय उकडत नाही हो, तोंड बघा किती कोरडं." मी काय सांगणार?

मी परत सर्जनकडे गेले. त्यांनी हात बघितले, दाबून बघितले. "हात कोरडे आहेत ना?"

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"मग ऑपरेशन चांगलं झालंय," ते म्हणाले. त्यात बढाई नव्हती, ते तपासून सांगत होते. मी पाठीचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. काही जणांना असं होतं म्हणाले, सैल सुती कपडे घाला म्हणाले, एक गोळी लिहून दिली. मी विचारलं, "ती नस परत जोडता येते का?" ते म्हणाले, "जाळलेली नस परत तशी होत नाही. मी तुम्हाला आधी बोललो होतो." मग त्यांनी विचारलं, "एकंदरीत तुम्ही समाधानी आहात का?"

प्रश्न सोपा होता. त्यांना हो किंवा नाही एवढंच हवं होतं. मी हातांकडे बघितलं आणि 'हो' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात पाठीवरून थेंब ओघळला. 'नाही' म्हणावं तर मांडीवर ठेवलेले हात असे छान कोरडे, गरम. मी म्हणाले, "विचार करून सांगते." ते सांगायला मी परत कधी गेले नाही. गोळीने तोंडाला इतकी कोरड पडायची की तासाला बोलता येईना, ती मी बंद केली.

आईने तिच्या परीने उपाय काढला. ती मला अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांवर घेऊन गेली. अंगाच्या कसल्याही तक्रारीसाठी आमच्याकडे तिथे जायची पद्धतच आहे. थंडीची सकाळ होती, पाण्यावर वाफ होती. आम्ही दोघी पायरीवर पाय पाण्यात सोडून बसलो. मला पोटातून, पाठीतून घाम फुटला आणि पाणी कुठलं, घाम कुठला, काही कळेना. तो सकाळचा वेळ मला बरा वाटला, कारण तिथे सगळ्याच बायका ओल्या होत्या. आईने माझा हात धरला. बराच वेळ तिने तो उलटा पालटा करून बघितला.

"काय बघतेस?"

"काय न्हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "यो हात तुजा वाटं न्हाय मना."

तिने हे तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. तिला तसं वाटलं, तिने सांगितलं. पण मला ते लागलं. मी म्हणाले, "चांगला झालाय ना पण?" ती म्हणाली, "झालाय की." आणि माझा हात सोडून ओला पदर पिळायला लागली.

पुढे माझं लग्न झालं. लग्नाआधीच मी नवऱ्याला सगळं सांगितलं होतं, ऑपरेशनचंही आणि पाठीचंही. तो कशेळीला एका गोडाऊनमध्ये मॅनेजर आहे, बोलायला साधा. म्हणाला, "मला घाम चालतो." त्याने माझे जुने हात कधी बघितलेलेच नाहीत. मला कधी कधी वाटतं, त्याला ते बघायला हवे होते. का, ते सांगता येत नाही. गुडघ्याजवळ हात पुसणाऱ्या त्या बाईंसारखं त्यानेही केलं असतं का, हे मला बघायचं असेल. किंवा ज्या हातांपायी हे सगळं केलं ते ओळखणारं माणूस माझ्या घरात हवं होतं, असंही असेल. तो मला ओळखतो ती उन्हाळ्यात घरी आल्या आल्या साडी बदलणारी बाई म्हणूनच. एकदा मी त्याला म्हणाले, "मी आधी अशी नव्हते." तो म्हणाला, "आधी कशी होतीस?" मी सांगायला गेले आणि माझंच मला धड आठवेना, की हात ओले असताना पाठ कोरडी असायची म्हणजे नेमकं कसं वाटायचं.

हे सगळं जुनं झालं होतं. त्यात राहायची सवय झाली होती. गेल्या वर्षी भावाची मुलगी माझ्याकडे आली. ती लॅब टेक्निशियनचं शिकते. लहानपणापासून तिचे हात माझ्यासारखेच. आमच्या घरात ते माझ्यानंतर तिच्यातच उतरलंय. आता ट्रेनिंगमध्ये दिवसभर हातमोजे घालावे लागत होते.

"आत्या, मोजे काढले ना, की त्यातून पाणी ठिबकतं," ती म्हणाली. "पेशंट बघतात. परवा एक आजोबा म्हणाले, पोरी, आधी हात पुसून घे, मग सुई लाव. मी पुसलेच होते." ती हसत सांगत होती, पण डोळे भरले होते. मग म्हणाली, "पप्पा म्हणतात ऑपरेशन करून टाक, आत्याचं झालं ना चांगलं. करू का?"

माझ्या भावाला माझं 'चांगलं झालं' असंच वाटत होतं. मी त्याला पाठीचं कधी नीट सांगितलंच नव्हतं; भावाला काय सांगायचं अशा गोष्टी. मी भाचीला म्हटलं, "आधी एका चामडीच्या डॉक्टरांना दाखवू. मी येते बरोबर."

आम्ही रिक्षाने निघालो. कशेळीच्या पुलाच्या अलीकडे कंटेनरची नेहमीची रांग लागली होती, रिक्षा हलेना. तिथे बसल्या बसल्या मी तिला सगळं सांगितलं. पाठीची रेघ, फळा, साड्या, गोळी, सगळं. ऊन होतं, माझ्या पाठीमागचं रिक्षाचं सीट ओलं झालं होतं. मी पुढे सरकून तिला तेही दाखवलं. ती वाकून बघत राहिली. मी म्हणाले, "करू नकोस." आणि ते मी मनापासून म्हणाले.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी मुलीला तपासलं, माझ्या ऑपरेशनचं तिच्याकडून ऐकलं, मग माझ्याकडे वळल्या. "तुमचं झालंय ना? आता मागे वळून बघता, तर परत केलं असतं का तुम्ही?"

"हो," मी म्हणाले.

भाचीने चमकून माझ्याकडे बघितलं. मीही चमकले. शब्द तोंडातून गेला होता. चादरीची वीण आठवली असेल, नाही तर मशीनपुढची रांग. काय आठवून गेला ते सांगता येणार नाही.

डॉक्टर बाई म्हणाल्या, ऑपरेशन सगळ्यात शेवटी. त्याआधी लावायचं औषध आहे, गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत, आणि एक मशीन आहे. पाण्याच्या दोन ट्रेमध्ये हात ठेवायचे आणि त्यातून हलका करंट सोडायचा. घरी करता येतं. कायमचं जात नाही, करत राहावं लागतं. मी ऐकत होते आणि आठवत होते, माझ्या सर्जननी मला या मशीनचं सांगितलं होतं का? सांगितलं असेल. मी 'करत राहावं लागतं' ऐकून सोडून दिलं असेल. किंवा सांगितलं नसेल. घरी येऊन भावाला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "सांगितलं असेल की." आईला विचारलं. ती म्हणाली, "कसली मशीन?"

पण ते नंतर. दवाखान्यातून बाहेर पडलो तेव्हा भाची पायऱ्यांवरच थांबली.

"आत्या, रिक्षात नको म्हणालीस. आत हो म्हणालीस."

"हो."

"मग खरं काय?"

"तेव्हा ते खरं वाटलं, आत हे खरं वाटलं."

"म्हणजे मी काय करू?"

"मला नाही कळत गं," मी म्हणाले.

तिला राग आला. "तुझं तर होऊन गेलंय. तुलाच कळत नाही, तर मग कुणाला कळणार?"

मी परतीची रिक्षा थांबवली.  वाटेत ती मोबाइल बघत होती, रुमालात गुंडाळून धरलेला, स्क्रीन पुसत पुसत. उतरताना मी म्हणाले, "तू जे करशील त्याला मी बरोबर येईन." ती मान हलवून आत गेली.

काही दिवस तिचा फोन आला नाही. मग एका रविवारी ती एक खोका घेऊन आमच्या दारात उभी राहिली. मशीन आणलं होतं. घरी तिचे भाऊ चिडवतात, म्हणाली, करंट लावून बसलीस की काय म्हणून. तर इथे करू का? मी टेबल रिकामं केलं.

आता ती एक दिवसाआड कॉलेजमधून थेट माझ्याकडे येते. दोन ट्रेमध्ये नळाचं पाणी, दोन्ही हात बुडवून ती बसते आणि मशीनचं बटण मी फिरवते, कारण तिचे दोन्ही हात अडकलेले असतात. मी जरा जास्त फिरवलं की ती "आत्या, हळू" म्हणते. तिला चहा मी पाजते. नाक खाजलं की मी खाजवते. "तुझी बोटं किती खरखरीत आहेत, क्रीम लाव," असं ती म्हणते आणि मी लावते. ऑपरेशनबद्दल आम्ही दोघी बोलत नाही. तिने ते कायमचं सोडून दिलंय की नुसतं पुढे ढकललंय, मला माहीत नाही, आणि मी विचारत नाही. तिने विचारलं तर त्या दिवशी माझ्या तोंडून काय येईल याचा मला भरवसा नाही.

मशीनने फरक पडतोय असं ती कधी म्हणते, कधी काहीच नाही म्हणते. परवा हात टॉवेलला पुसून तिने थोडा वेळ वाट बघितली आणि तळवा माझ्या तळव्यावर ठेवला.

"आज कमी आहे ना? नीट बघ."

मी डोळे मिटून बघितलं. तिचा हात गार होता. ओल लागत होती, पण ती टॉवेलने राहिलेली की आतून नव्याने येणारी, ते मला ओळखता येईना.

"थोडं कमी वाटतंय," मी म्हणाले.

"नक्की?"

"अजून थोडा वेळ ठेव," मी म्हणाले, आणि आम्ही तशाच बसलो.